आवक सुरू, जावक बंद

सरकारी कार्यालयांतील प्रिंटर का चालत नाहीत हा प्रश्न तांत्रिक आहे, असे मानण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. संगणक विभागाला फोन करावा, त्यांनी कंत्राटदाराला कळवावे, कंत्राटदाराच्या माणसाने तीन दिवसांनी यावे, यंत्राचे झाकण उघडून मिटावे आणि 'आता चालेल' असे म्हणून आपली सही घेऊन जावे, असा हा विधी ठरून गेला आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. युनिक्स जातीच्या सर्व्हरवर नेटवर्क प्रिंटरची रांग उभी करणे हे मूलतः प्रशासकीय कृत्य आहे. त्यातील तंत्राचा भाग फार तर अर्ध्या तासाचा. उरलेला सगळा भाग अधिकार, अग्रक्रम, नोंद आणि उत्तरदायित्व यांचा आहे, आणि तो आम्ही प्रशासकीय अधिकाऱ्यांनी सोयीस्करपणे अंगाबाहेर टाकला आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. संगणकशास्त्राशी माझा संबंध नाही, आणि या विषयातील जे थोडे ज्ञान मजपाशी आहे ते हौसेतून आलेले नसून ओशाळवाण्या प्रसंगातून आलेले आहे. तो प्रसंग सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

युनिक्समध्ये छपाईची दोन घराणी. एक बर्कली विद्यापीठाचे. त्यात 'प्रिंटकॅप' नावाच्या एका फाइलीत प्रत्येक प्रिंटरची नोंद असते: त्याचे नाव, कामे साठवण्याची जागा, दूरच्या यंत्राचा पत्ता इत्यादी. दुसरे एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्हचे; त्यात रांगा निर्माण करण्यासाठी 'एलपीॲडमिन' ही आज्ञा असते. आज लिनक्सवर आणि मॅकवर जी व्यवस्था आढळते ती 'कप्स'. मायकेल स्वीट यांनी ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस लिहिली, ॲपलने ती २००२ साली आपल्या प्रणालीत घेतली, आणि तिला दोन्ही घराण्यांच्या आज्ञा समजतात. गोत्र बदलले तरी कुळाचार राहिला म्हणायचा.

या कुळाचारातील एक गोष्ट प्रत्येक कार्यालय-प्रमुखाने समजून घ्यावी अशी आहे. सिस्टिम फाइव्हच्या परंपरेत रांगेला एक दार नसते, दोन असतात. पहिले दार रांगेत काम स्वीकारायचे की नाकारायचे हे ठरवते. दुसरे दार रांगेतील काम प्रिंटरकडे सोडायचे की थोपवायचे हे ठरवते. दोन्ही दारांच्या आज्ञा वेगळ्या आणि स्थिती परस्परांपासून स्वतंत्र. म्हणजे पहिले दार सताड उघडे आणि दुसरे बंद, ही अवस्था पूर्णपणे वैध आहे. यंत्र तिला बिघाड मानत नाही. काम येते, क्रमांक मिळतो, रांगेत बसते आणि तिथेच राहते. आपल्या भाषेत सांगायचे तर आवक सुरू, जावक बंद.

या रचनेत दोष नाही. प्रिंटरची शाई बदलायची असेल तर दहा मिनिटे जावक थांबवावी आणि लोकांचे काम मात्र अडू नये, यासाठीच ती केली आहे. दोष आहे तो दुसरे दार बंद असताना ते बंद आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे कुठेच लिहिलेले नसते, यात.

आता प्रसंग. २००९ साली मी पूर्वेकडील एका राज्याच्या राजधानीत एका केंद्रीय कार्यालयात होतो. कौटुंबिक निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांत कागदपत्रांची त्रुटी असली की अर्जदाराला पत्र जाई. ही पत्रे पहिल्या मजल्यावरील एक कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर सर्व्हरवरून थेट जावक शाखेच्या प्रिंटरवर छापत असे. तिथेच ती पाकिटात घालून टपालात पडत. त्या वर्षी इमारतीची डागडुजी निघाली. जावक शाखा मागच्या इमारतीत हलली, सोबत प्रिंटरही हलला, आणि तिथल्या नव्या जोडणीत त्याचा नेटवर्कवरील पत्ता बदलला. सर्व्हरवरची रांग जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवीत राहिली. पुढे केव्हा तरी तिचे दुसरे दार बंद झाले, की कोणी चाचणी करताना बंद केले, ते कधीच कळले नाही.

ऑपरेटर पत्रे पाठवीत होता. प्रत्येक पत्रासरशी पडद्यावर 'रिक्वेस्ट आयडी' म्हणून एक क्रमांक उमटे. तो प्रामाणिकपणे तो क्रमांक नोंदवहीत लिहीत असे, जणू तो जावक क्रमांकच. तसे त्याला कोणी शिकवले होते? आम्हीच. 'क्रमांक मिळाला म्हणजे काम झाले' हा आमच्या संपूर्ण व्यवस्थेचा संस्कार आहे. तिकडे जावक शाखेत पत्रे येत नव्हती. त्यांनी समजूत करून घेतली की त्रुटीच नसतील. मुदत संपली, उत्तरे आली नाहीत, आणि 'त्रुटीपूर्तता न झाल्याने' प्रकरणे परत गेली.

मग एके दिवशी एका दिवंगत कर्मचाऱ्याची पत्नी स्वतः येऊन उभी राहिली. रात्रभर बसने प्रवास करून आली होती. तिला पत्र मिळालेच नव्हते. मी जावक शाखेला विचारले. त्यांनी लेखी कळवले की असे एकही पत्र शाखेकडे आलेले नाही. मी ऑपरेटरला ज्ञापन दिले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: पत्रे पाठवली आहेत, क्रमांक सोबत जोडले आहेत. मला ते उद्धटपणाचे वाटले. वर्षअखेरीस त्याच्या कंत्राटाचे नूतनीकरण झाले नाही, आणि त्या टिपणीवर माझी सही आहे.

त्यानंतर पाच आठवड्यांनी वार्षिक देखभालीसाठी एक तरुण तंत्रज्ञ आला. त्याने रांगांची स्थिती सांगणारी एक आज्ञा टंकली आणि पडदा माझ्याकडे वळवला. दोन ओळी होत्या. पहिलीत म्हटले होते की अमुक तारखेपासून ही रांग कामे स्वीकारत आहे. दुसरीत म्हटले होते की अमुक तारखेपासून हा प्रिंटर बंद आहे, कारण अज्ञात. खाली एकसष्ट कामे, तारीखवार. सगळी पत्रे सर्व्हरच्या पोटात सुखरूप होती. ऑपरेटर खरे बोलत होता आणि जावक शाखाही खरे बोलत होती. आणि ही आज्ञा चालवायला कोणताही विशेष अधिकार लागत नाही. मला ती कोणत्याही दिवशी चालवता आली असती.

'कारण अज्ञात' हे शब्द यंत्राचे आहेत, माझे नव्हेत. प्रिंटर बंद करणाऱ्याने कारण लिहिले नाही तर यंत्र तसे नोंदवते. कारण लिहिण्याची सोय मूळ आज्ञेतच आहे. बंद करताना एक शब्द जोडला की पुरते. फाइलीवर कारणाशिवाय 'अमान्य' असा शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला आपण निदान दोषी तरी मानतो. रांग कारणाशिवाय बंद करणाऱ्याला आपण तंत्रज्ञ मानतो आणि चहा पाजतो.

कप्समध्ये हा प्रश्न अधिकच धारदार झाला आहे, कारण तिथे प्रत्येक रांगेला 'चुकीचे धोरण' ठरवून द्यावे लागते. (चुकीचे म्हणजे चूक झाली असता अवलंबायचे, शब्दाने केलेला हा विनोद मला मान्य आहे.) प्रिंटरकडून उत्तर आले नाही तर काय करावे? काम रद्द करावे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, की रांगच थांबवावी? तिन्ही पर्याय उपलब्ध आहेत. रांग थांबवण्याचा पर्याय निवडला असेल तर रात्री कोणी प्रिंटरचे बटण बंद केले एवढ्या कारणाने सकाळपासून जावक बंद पडते आणि अधिकार असलेल्या माणसाने ती मुद्दाम सुरू करीपर्यंत बंदच राहते. धनादेश छापणाऱ्या रांगेसाठी हेच योग्य आहे. अर्धवट छपाईनंतर यंत्राने आपल्या मनाने पुन्हा प्रयत्न करू नये. नोटिसा पाठवणाऱ्या रांगेसाठी ते घातक आहे. हा भेद कोणी करायचा? कंत्राटदाराच्या माणसाने? त्याला धनादेश आणि नोटीस यांतील प्रशासकीय फरक ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही आजवर मी पाहिलेल्या एकाही कार्यालयात हा निर्णय कार्यालयीन आदेशाने झालेला नाही. सॉफ्टवेअरसोबत जे आले तेच धोरण.

यावर आमच्या सेवेतील बंधूंचे एक ठरलेले उत्तर असते: रांग हवीच कशाला? प्रत्येक टेबलावर एक छोटा प्रिंटर द्या, कटकट मिटली. हे उत्तर इतके लोकप्रिय का आहे, याचा शोध अर्थशास्त्राने घेण्यासारखा आहे. सामान्य वित्तीय नियम, २००५ अन्वये १५,००० रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रकांविना करता येत असे. त्याहून अधिक, एक लाखापर्यंत, स्थानिक खरेदी समिती लागे. छोटा प्रिंटर पहिल्या मर्यादेत आरामात बसे. संपूर्ण मजल्याचा दणकट प्रिंटर समितीकडे जाई. २०१७च्या नियमांत या मर्यादा २५,००० आणि अडीच लाख झाल्या, पण आकार तोच राहिला. परिणामी दहा छोटे प्रिंटर दहा वेळा घेणे सोपे आणि एक मोठा प्रिंटर एकदा घेणे अवघड. मग टोनरचा खर्च दरमहा वेगळ्या शीर्षाखाली जातो, आणि छापील पानामागे नेमके किती पैसे पडले हे कोणीही, कधीही, कोणालाही विचारत नाही. शिवाय प्रतिष्ठेचा भाग आहेच. एकेकाळी खुर्चीवरच्या टॉवेलने जे काम केले ते आता टेबलावरचा प्रिंटर करतो.

बरे, यात वेळ तरी वाचतो का? रांगांचे गणित डेन्मार्कच्या एर्लांग यांनी टेलिफोनच्या संदर्भात १९०९ साली सुरू केले. ते गणित साधे आहे आणि त्याचा निष्कर्ष टेबलवाद्यांच्या विरुद्ध आहे. समजा दोन प्रिंटर आहेत, एका कामाला सरासरी एक मिनिट लागते, आणि दोन्ही ८० टक्के वेळ गुंतलेले असतात. रांगा वेगवेगळ्या असतील तर, नेहमीची यदृच्छ गृहीतके धरून, काम पाठवल्यापासून हाती पडेपर्यंत सरासरी पाच मिनिटे लागतात. दोघांना मिळून एकच रांग दिली तर हाच काळ पावणेतीन मिनिटांच्या आसपास येतो. यंत्रे तीच, कामे तीच, रांग मात्र एक. कप्समध्ये अशा गटाला 'क्लास' म्हणतात. जो प्रिंटर प्रथम मोकळा होईल त्याच्याकडे काम जाते. असा क्लास बनवण्यास दोन आज्ञा आणि शून्य रुपये लागतात. तरीही तो बनत नाही, कारण शून्य रुपयांच्या कामाची फाइल उघडता येत नाही.

अग्रक्रमाचेही तसेच. कप्समध्ये प्रत्येक कामाला १ ते १०० असा अग्रक्रम देता येतो. न दिल्यास ५० गृहीत धरतात. जुन्या सिस्टिम फाइव्हमध्ये प्रमाण उलटे होते: ० सर्वांत वरचा आणि ३९ सर्वांत खालचा. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर येताना हे लक्षात न घेतल्यास 'अतितातडीचे' म्हणून शून्य दिलेल्या कामाची काय गत व्हावी, हे वाचकांनी ताडावे. पण खरी अडचण निराळी आहे. फाइलींवर तातडीच्या रंगीत चिठ्ठ्या लावण्याची आपली सवय पाहता, ही सोय सर्वांना खुली केली तर महिन्याभरात प्रत्येक काम १०० वर जाईल. चलन अमर्याद छापले की त्याचे जे होते तेच अग्रक्रमाचे होते. म्हणून अग्रक्रम देण्याचा अधिकार कोणाचा, हे आदेशात लिहिले पाहिजे.

आता उत्तरदायित्व. प्रिंटरशी बोलण्याच्या तीन प्रमुख वाटा आहेत. ५१५ क्रमांकाचे पोर्ट जुन्या बर्कली पद्धतीचे. तिचे नियम १९९० साली आरएफसी ११७९ मध्ये नोंदले गेले. त्यात पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ याच अकरा पोर्टांतून बोलावे असे बंधन होते, त्यामुळे एका यंत्रावरून झपाझप कामे पाठवली की पोर्ट संपत आणि रांग उगाच तुंबे. ९१०० चे पोर्ट म्हणजे उघडी खिडकी: जो येईल त्याचे छापावे, कोण आला विचारू नये. आणि ६३१ चे आयपीपी, १९९९ पासूनचे, ज्यात कामाचा कर्ता, त्याची अवस्था, प्रिंटर थांबला असेल तर कागद अडकला की टोनर संपला, हे सगळे विचारता येते. कामाच्या एकूण सात अवस्था त्यात सांगितल्या आहेत. कोणत्याही सरकारी फाइलीला एवढ्या स्पष्ट अवस्था नाहीत. असे असता आमच्या कार्यालयांत प्रिंटर लावला जातो तो बहुधा ९१०० वर, कारण ते लवकर होते. त्याच प्रिंटरवर मग गोपनीय अहवालही छापले जातात आणि ते कोणाच्याही हाती लागतात. पुढे चौकशी लागते. चौकशीत यंत्राकडे कर्त्याची नोंदच नसते. निष्कर्ष: कंत्राटी शिपाई.

देवनागरीविषयी एक परिच्छेद लिहिला नाही तर मराठी माणसाचा हा लेख अपुरा राहील. राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ३(३) खाली सामान्य आदेश, अधिसूचना, निविदा-नमुने इत्यादी हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढणे बंधनकारक आहे. म्हणजे चेन्नई असो वा शिलाँग, केंद्रीय कार्यालयाच्या प्रिंटरला देवनागरी यावीच लागते. पण साधी मजकूर-फाइल थेट रांगेत टाकली तर अक्षरापुढे अक्षर ठेवणारा फिल्टर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे ठेवतो आणि जोडाक्षरे मोडून हलन्तांची माळ करतो. यावर 'पॅप्स'सारखा, पँगो या अक्षरजुळणीच्या संचावर चालणारा कार्यक्रम रांगेपूर्वी बसवणे, किंवा आधी पीडीएफ करून तेच पाठवणे, हे उपाय उघड आहेत. तरी मी अशा कार्यालयांत काम केले आहे जिथे द्विभाषिक आदेशाची हिंदी प्रत वर्षानुवर्षे बाहेरच्या दुकानातून छापून आणीत, आणि राजभाषेच्या तिमाही अहवालात 'अनुपालन: शंभर टक्के' असे लिहीत. अहवाल खोटा नव्हता.

तंत्राचा अर्धा तास म्हणालो, त्याचाही हिशेब देतो. आजच्या बहुतेक नेटवर्क प्रिंटरांना निराळा ड्रायव्हर लागत नाही; 'एलपीॲडमिन'ला रांगेचे नाव, आयपीपीचा पत्ता आणि 'एव्हरीव्हेअर' हा नमुना सांगितला की पुरते. नाव 'एलपी२' असे न ठेवता 'जावक-मागची-इमारत' या धर्तीवर रोमन अक्षरांत ठेवावे, आणि पत्ता आकड्यांचा न देता नेटवर्कवरील नावाचा द्यावा, म्हणजे प्रिंटर हलला तरी रांग हरवत नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवावी: याच आज्ञेत 'ई' हे अक्षर रांगेच्या नावानंतर लिहिले तर दोन्ही दारे उघडतात, नावाआधी लिहिले तर त्याचा अर्थ 'संपर्क कूटबद्ध करा' असा होतो आणि दारे जशीच्या तशी राहतात. टिपणीत 'नाही' कुठे लिहिले यावर अर्थ बदलतो, तसेच हे.

आणि रूटचा पासवर्ड कंत्राटदाराकडे ठेवू नये. डेबियन-उबंटू जातीच्या लिनक्सवर 'एलपीॲडमिन' याच नावाचा एक गट असतो; त्यातील सदस्याला सर्वाधिकार न देता रांगांचा अधिकार देता येतो. जावक शाखेच्या लिपिकाला त्या गटात घालणे म्हणजे त्याला तिजोरीची किल्ली देणे नव्हे. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सचा नवा प्रिंटर अडकला की सूचना मिळावी एवढेच हवे होते. त्यासाठी लागणारी मूळ आज्ञावली त्यांना नाकारण्यात आली, आणि त्या रागाचा वाटा पुढच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीत आहे. आम्हाला ती आज्ञावली फुकट मिळाली. २०१५ साली भारत सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. तरी 'प्रिंटर का थांबला' हे विचारण्याचा अधिकार आम्ही वार्षिक देखभाल कंत्राटात लिहून दुसऱ्याला देतो.

'आता सगळे कागदविरहित होणार, जुन्या प्रिंटरांचे कसले पुराण सांगता', असे कोणी म्हणेल. होवो. पण ई-फाइलीच्या आवक-पेटीलाही दोन दारे आहेत, आणि तिथेही पोच-क्रमांक तत्काळ मिळतो. शिवाय यंत्रावर सगळे सोपवून मोकळे होण्याची किंमत कधी तरी चुकती करावी लागते. २०२४च्या सप्टेंबरात उघड झाले की कप्ससोबतचा, नेटवर्कवरील प्रिंटर आपोआप शोधणारा एक घटक, कोणीही 'मी प्रिंटर आहे' असे कळवले तर त्यावर विश्वास ठेवत होता, आणि त्या वाटेने परक्याला सर्व्हरवर आपल्या आज्ञा चालवता येणे शक्य होते. गरज नसेल तिथे तो घटक बंद करावा, असाच सल्ला तेव्हा दिला गेला. आपल्या कार्यालयात तो बंद केला का, हे मी तीन ठिकाणी विचारले. तिन्ही ठिकाणी मला कंत्राटदाराचा दूरध्वनी क्रमांक मिळाला.

त्या एकसष्ट पत्रांपैकी बहुतेक प्रकरणे नंतर पुन्हा उघडता आली. ऑपरेटरचे ज्ञापन मागे घ्यावे अशी टिपणी मी ठेवली. उत्तर आले की कंत्राट संपलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तशी तरतूद नाही.

जे वाचक महाराष्ट्राबाहेर अशाच कार्यालयांत आहेत, त्यांना एक विनंती. सोमवारी कचेरीत गेल्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून 'एलपीस्टॅट' ही आज्ञा 'टी' या पर्यायासह चालवून घ्यावी. जिथे जिथे 'बंद' असे दिसेल, तिथली तारीख आणि तिच्यापुढचे कारण वाचावे. रांगेत काय पडले आहे, तेही उघडून पाहावे.